चप्पल लाइनमधलं दुकान आणि ईमेल मार्केटिंग: सॉफ्टवेअरचं नंतर बघू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, वडिलांचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही वेबसाइट काढली. दिवाळीआधी कुणाकडून तरी ४०,००० ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतली. आधी दुकानाच्या साध्या जीमेलवरून बीसीसीत (एकमेकांना दिसणार नाहीत असे) पत्ते टाकून पाठवायला गेलात, तर त्या खात्यातून मेल जाणंच बंद झालं. मग एका टूलमधून, म्हणजे एकगठ्ठा मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून, वेबसाइटच्या डोमेनवरून (वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरून) ‘दिवाळी धमाका’ सोडला. ऑर्डर एकही आली नाही, उलट आता वेबसाइटवरून खरेदी करणाऱ्यांची बिलंसुद्धा स्पॅममध्ये जातायत. आणि तुम्ही विचारताय की कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, आठवड्याला किती मेल पाठवायचे, आणि मराठीत लिहायचं की इंग्रजीत.

तिन्हींची उत्तरं देतो, पण शेवटी. कारण तुमची खरी अडचण या तिन्हींत नाही. ज्यांनी तुमचं नाव कधी ऐकलं नाही अशांना तुम्ही मेल पाठवलेत, आणि ज्यांनी तुमच्याकडून चप्पल घालून नेली त्यांना एकही नाही. मेल नवं गिऱ्हाईक शोधून आणत नाही, एकदा येऊन गेलेलं गिऱ्हाईक परत आणतो. नवं गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणायला तुमच्याकडे अंबाबाई आहे, इन्स्टाग्राम आहे, गुगल मॅप आहे. ते काम मेलवर टाकू नका.

आता यात परिस्थितीनुसार काय बदलतं, तेही सांगून टाकतो. मी इथल्याच लहान-मध्यम धंद्यांचे मेल सांभाळतो, आणि प्रत्येकाचं गणित निराळं असतं. शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला आला तर त्याला मी कुठलंही टूल घेऊ देत नाही. त्याची गिऱ्हाइकं मोजकी, समोर पर्चेस मॅनेजर. त्याला साधा, एकेकट्याचं नाव घालून लिहिलेला मेल आणि सोबत कास्टिंगच्या कामाचा एखादा फोटो पुरतो. कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या ताईंचं वेगळं. मसाला संपतो, त्यामुळे अर्धा किलो नेणाऱ्या घराला साधारण कधी परत लागेल याचा अंदाज बांधून त्याच सुमारास आठवण करायची. गुळाचा धंदा हंगामाचा. तुमची चप्पल नीट वापरली तर बराच काळ टिकते, म्हणजे तेच गिऱ्हाईक लगेच परत घेणार नाही. मधल्या काळात ते तुम्हाला विसरू नये, एवढंच मेलचं काम.

आणखी एक. तुमचं बहुतेक गिऱ्हाईक कोल्हापुरातलंच असेल तर मेल सोडा आणि व्हॉट्सॲप धरा. इथे बारशाचं आमंत्रणही व्हॉट्सॲपवर येतं, मेल कोण बघतो? पण तुम्ही लिहिलंय की दुकानात येणारे निम्मे लोक देवदर्शनाला आलेले, पुण्या-मुंबईचे, बेंगळुरूचे, काही परदेशातले. यांच्यासाठी मेल उपयोगाचा आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. वर्षातून एकदा चप्पल घेणारा बेंगळुरूचा माणूस तुमचा नंबर सेव्ह करत नाही. बिलाचा मेल मात्र त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो, आणि दोन वर्षांनी तो ‘कोल्हापुरी’ असं शोधतो तेव्हा वर येतो.

आधी झालेली पडझड निस्तरू. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांच्या पुढे मेल जात नाहीत, म्हणून तुमचं खातं अडकलं. तो प्रश्न किरकोळ. टूलमधून जे गेलं ते जास्त महागात पडलं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत. एका दिवसात जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवले की गुगल तुम्हाला त्या गटात धरतं, आणि एकदा धरलं की कायमचं. मग एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनवर असाव्याच लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय लागते, आणि ‘हे स्पॅम आहे’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण हजारात एकाच्या खाली ठेवावं लागतं. हजारात तीनपर्यंत तर कधीच पोचू द्यायचं नाही. विकत घेतलेल्या यादीत हजारातले तीन जण वैतागायला कितीसा वेळ लागतो! वर त्या यादीतले कित्येक पत्ते मेलेले असतात. काही तर असल्याच याद्या वापरणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असतात. हे सगळं तुमच्या डोमेनच्या नावावर चढलं, म्हणून आता खरी बिलंही स्पॅममध्ये जातायत.

त्या तीन नोंदींना घाबरू नका. दुकानाच्या लेटरहेडवर कुणीही ऐऱ्यागैऱ्याने पत्र छापू नये म्हणून जी व्यवस्था लागते तीच ही. एसपीएफ सांगतो की या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. आणि या दोन्हींची खातरजमा झाली नाही तर त्या मेलचं काय करायचं, हे डीमार्क समोरच्याला सांगतो. जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेनच्या नोंदी जिथे असतात तिथे) या तीन ओळी टाकायच्या असतात, मेलचं टूल त्या तयार करून देतं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला सांगा, त्याचं तासाभराचं काम आहे. टूलमधून पाठवताना ‘प्रेषक’ म्हणून जीमेलचा पत्ता मात्र कधीच घालू नका. जीमेलच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला मेल गुगल आता खोटा समजतं.

नोंदी झाल्या की जाहिरातीचे मेल काही आठवडे पूर्ण बंद. फक्त बिलं आणि कुरिअरची माहिती जाऊ द्या. हे मेल लोक उघडतात, काही जण उत्तर देतात, स्पॅममधून बाहेर काढतात, त्यातूनच डोमेनची पत हळूहळू परत येते. पैसे टाकून ही पत विकत मिळत नाही. कुणी ‘आठ दिवसांत इनबॉक्सची गॅरंटी’ म्हणत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि ती ४०,००० ची यादी पुसून टाका. ‘त्यातले निवडक तरी वापरू’ हा मोह मी अनेकांच्या चेहऱ्यावर बघितलाय. निवडणार कशावरून? त्यातल्या कुणीही तुम्हाला परवानगी दिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे: माहिती कशासाठी घेतोय ते सांगून, स्पष्टपणे दिलेली संमती. विकत घेतलेल्या यादीजवळ यातलं काहीच नसतं.

आता खरी यादी कशी करायची. ती तुमच्या गल्ल्यावर सुरू होते. बिल करताना ‘तुमचा ईमेल द्या’ म्हटलं की माणूस कचरतो, कारण पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असतं. त्याऐवजी ‘बिल मेलवर पाठवू का? बदलून घ्यायची वेळ आली तर कागद शोधायला नको’ असं म्हणा. यात त्याचा फायदा आहे, त्यामुळे पत्ताही खरा मिळतो. पत्ता स्क्रीनवर टाकून त्याला दाखवा. वहीत लिहून घेतलेले पत्ते नंतर वाचताना एन आणि एमचा घोळ होतो, ‘जीमेल’च्या स्पेलिंगची वाट लागते. बिल तिथल्या तिथे पाठवा. पत्ता चुकला असेल तर बहुतेक वेळा मेल लगेच परत येतो, आणि माणूस समोरच उभा असतो.

पण बिलासाठी दिलेला पत्ता म्हणजे जाहिरातीला दिलेली परवानगी नव्हे. त्यासाठी वेगळं विचारायचं: ‘चप्पल कशी सांभाळायची आणि नवीन माल कधी येतो, याचे वर्षाला सात-आठ मेल पाठवतो, चालेल का?’ आकडा सांगितला की लोक हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. वेबसाइटवर हाच प्रश्न चौकटीच्या रूपात ठेवा, आणि त्या चौकटीत आधीपासून टिक मारून ठेवू नका.

पत्त्यासोबत तीन गोष्टी नोंदवा: पायाचा नंबर, कोल्हापुरीचा कोणता प्रकार घेतला (कापशी वगैरे), आणि तारीख. चपलेच्या धंद्यात यादीचा निम्मा जीव या नंबरात आहे. प्रत्येक दुकानात कडेचे नंबर पडून राहतात. समजा ६ आणि ११ नंबरच्या काही जोड्या उरल्यात. सगळ्या यादीला ‘सेल’ म्हणून मेल टाकलात तर ८ नंबरवाला येतो, त्याला हवं ते मिळत नाही, तो वैतागतो. त्याऐवजी फक्त ११ नंबरवाल्यांना लिहा: ‘तुमच्या मापाच्या कापशीच्या थोड्या जोड्या उरल्यात, तुम्हाला आधी कळवतोय.’ मोठ्या पायाच्या माणसाला आपल्या मापाचं सहसा कुठे मिळत नाही. त्याला हा मेल जाहिरात वाटतच नाही.

इथपर्यंतचं एवढंच: जुनी यादी पुसा, नोंदी दुरुस्त करा, गल्ल्यावर विचारून नवीन यादी नंबरासकट उभी करा. आता लिहायचं काय.

विकल्यानंतरचा पहिला मेल सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक दुकानदार पाठवत नाहीत. नवी कोल्हापुरी चावते, हे आपल्याला माहीत आहे. पुण्यातल्या आयटीवाल्याला नसतं. तो दोन दिवस घालतो, अंगठ्याला फोड येतो, चप्पल कपाटात जाते आणि तुमचं नावही. म्हणून खरेदीनंतर चार-पाच दिवसांनी आपोआप जाणारा एक मेल लावून ठेवा. मी साधारण असा लिहून देतो:

‘विषय: नवी कोल्हापुरी चावतेय का?

नमस्कार, आमच्याकडून नेलेली कापशी सुरुवातीला अंगठ्याजवळ लागते, ते चामडं पायाला बसेपर्यंत. पट्ट्याला आतल्या बाजूने रात्री थोडं खोबरेल लावून ठेवा, सकाळी पुसून घाला. पहिले काही दिवस घरातल्या घरात तास-दोन तास घाला, लगेच लांब चालायला जाऊ नका. भिजली तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवली तर चामडं कडक होऊन तडकतं. एवढं करूनही लागत असेल तर या मेललाच उत्तर द्या, आम्ही वाचतो.’

यात विकायला काहीही नाही, कूपनही नाही. पण याला उत्तरं येतात. कुणी फोटो पाठवतो, कुणी विचारतो की बायकोसाठी मऊ चामड्याची मिळेल का. ही उत्तरं वडिलांना दाखवा. मेलचा पसारा कशाला, असं त्यांना वाटत असेल तर त्याचा उपयोग त्यांच्या इथे लक्षात येईल. म्हणून ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून मेल पाठवू नका. गिऱ्हाईक बोलायला आलं आणि आपण शटर ओढलं, असं का करायचं?

त्यानंतरचे मेल चपलेच्या वर्षाप्रमाणे चालतात. मेअखेरीस पावसाआधीचा: पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. पाऊस ओसरला की दसऱ्याआधीचा: बाहेर काढा, पुसा, शिलाई सुटली असेल तर दुकानात आणा किंवा पाठवून द्या. त्याच मेलच्या खाली नव्या मालाचे तीन फोटो. दिवाळीआधी एक कामाचा मेल: अमुक तारखेपर्यंत ऑर्डर दिलीत तर दिवाळीच्या आत पोचेल. लग्नसराईआधी नवरदेवाच्या जोडीसाठी एक. झाले की.

मधूनच बातमीचं निमित्त मिळतं, ते सोडू नका. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, गदारोळ झाला, आणि नंतर कंपनीने भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत तुमच्याकडून चप्पल नेलेला प्रत्येक माणूस ऑफिसात ‘माझ्याकडे खरी आहे’ म्हणत असणार. त्याला तेव्हा चार ओळी हव्या असतात: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि तुमच्या दुकानातली जोडी कुठल्या गावच्या कारागिराच्या हातची आहे. यातली शेवटची ओळ फक्त तुम्ही लिहू शकता. असं पुन्हा काही घडलं तर आठवड्याच्या आत लिहा. महिन्याने लिहिलेलं कुणी वाचत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेली जेपीजी मेलमध्ये चिकटवू नका. कोल्हापुरात वाढदिवसापासून दिवाळीपर्यंत सगळं फ्लेक्सवर चालतं, त्यामुळे तीच सवय मेलमध्ये येते: देवीचा फोटो, घराण्याच्या तीन पिढ्या, चारही कोपऱ्यांत चपला, मध्ये लाल-पिवळ्या अक्षरांत ‘धमाका’. ऑफिसच्या आउटलुकमध्ये चित्रं बहुतेक वेळा आपोआप उघडत नाहीत, मग समोरच्याला फक्त रिकामी चौकट दिसते. मजकूर अक्षरांत लिहा, चित्रं दोन-तीन ठेवा आणि चित्र दिसलं नाही तर काय वाचायला मिळावं तेही भरा. मेलचा आकार १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापतं. देवनागरीचं एकेक अक्षर साठवायला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, आणि टेम्पलेट भरगच्च असेल तर ही मर्यादा लवकर येते. कापलेल्या भागात नेमकी तळाची ‘नाव काढा’ची लिंक जाते. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. हजारात एकचं गणित आठवा.

निकाल बघताना ‘किती जणांनी मेल उघडला’ या आकड्यावर जाऊ नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की ती चालू असेल तर चित्रं आधीच उतरवली जातात. चित्र उतरलं की टूल मेल उघडला असं धरतं, त्यामुळे माणसाने बघितलं नाही तरी मेल उघडल्याची नोंद होते. मी तीनच गोष्टी बघतो: किती उत्तरं आली, किती जणांनी लिंक दाबली, आणि किती ऑर्डरी झाल्या. ऑर्डरीसाठी त्या मेलपुरतं वेगळं कूपन द्या, आणि तेच दुकानात तोंडी सांगितलं तरी चालेल असं लिहा. पुण्याचा माणूस मेल वाचतो आणि खरेदी पुढच्या दर्शनाला आल्यावर काउंटरवर करतो, हे कुठलंही टूल दाखवणार नाही. गल्ल्यावरच्या मुलाला एक वही द्या.

आता तुमचे तीन प्रश्न. सॉफ्टवेअर मेलचिंप घ्या, ब्रेवो घ्या, झोहो कॅम्पेन्स घ्या, तुमच्या कामापुरतं तिन्हींत सगळं आहे. फरक पैसे मोजण्याच्या पद्धतीत आहे. मेलचिंप यादीत किती पत्ते आहेत त्यावर आकारतं, आणि नाव काढून घेतलेलेही तुम्ही बाजूला ठेवेपर्यंत त्यात धरतं. ब्रेवो किती मेल पाठवले त्यावर आकारतं. वर्षाला मोजके मेल पाठवणाऱ्या दुकानाला दुसरी पद्धत सहसा स्वस्त पडते. कुठलंही घ्या, पण यादी पूर्ण बाहेर काढता येते का आणि खरेदीनंतर आपोआप मेल जायची सोय तुमच्या प्लॅनमध्ये आहे का, हे आधी तपासा.

आठवड्याला किती? शून्य. वर्षाला सात-आठ, गल्ल्यावर कबूल केलेत तेवढेच. आणि दोन वर्षांत ज्याने ना लिंक दाबली, ना उत्तर दिलं, ना खरेदी केली, त्याला एकदा विचारा की मेल हवेत का. उत्तर नाही आलं तर नाव काढून टाका. यादी लहान झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

मराठी की इंग्रजी, हे गिऱ्हाइकालाच ठरवू द्या. बिल करताना ते ज्या भाषेत बोललं ती नोंदवा. पुण्या-मुंबईच्या माणसाला कोल्हापूरच्या दुकानातून आलेला मराठी मेल आवडतो, पण तो बोलल्यासारखा मराठी असावा. ‘आमच्या मूल्यवान ग्राहकांस कळविण्यास आनंद होतो’ हे लिहिण्यापेक्षा इंग्रजी परवडलं. विषयाची ओळ पाच-सहा शब्दांत संपवा, फोनवर त्यापुढचं दिसत नाही. आणि कलाकुसरीच्या मराठी फॉन्टच्या नादाला लागू नका. जीमेल बाहेरून आणलेला फॉन्ट दाखवत नाही, समोरच्याच्या फोनमधला साधा फॉन्टच वापरतं. पाठवण्याआधी तो मेल तुमच्या वडिलांच्या फोनवर उघडून बघा. चष्मा न शोधता त्यांना वाचता आला तर पाठवा.